शहराची हद्द दिग्गीला लागते

(प्रस्तावना)

शहरांविषयीच्या पुस्तकाची सुरुवात जंगलातल्या एका गावापासून व्हावी, याचे वाचकाला नवल वाटेल. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेजवळ, दिग्गी नावाचे गाव आहे. सह्याद्रीच्या दाट रानात विखुरलेल्या वाड्या, कुणब्यांची घरे, भाताची थोडीशी खाचरे, परसात कणगर, करांदे, सुरण असे कंद. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा इथल्या माणसाच्या कानावरून रोज जातात. दिग्गी आणि कुशावळी यांच्या परिसरातल्या डोंगरांत काळी नदी उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारपाशी समुद्राला मिळते. उगमाकडे ती सह्याद्रीतल्या कुठल्याही ओहोळासारखीच आहे. पुढे मात्र या पाण्यावर जे उभे राहिले आहे, ते पाहिले की या ओहोळाकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटते.

सुप्याच्या धरणापाशी 100 मेगावॅट, नागझरीला साडेआठशेहून अधिक, कोडसळ्ळीला 120 आणि कद्र्याला 150. शिवाय कद्र्याच्या जलाशयाचे पाणी थंडाव्यासाठी घेणारे कैग्याचे अणुवीज केंद्र 880 मेगावॅटचे. एका नदीच्या खोऱ्यात दोन हजार मेगावॅटहून जास्त वीज तयार होते आणि तारांवरून दूरच्या शहरांकडे जाते. त्या शहरांतल्या लिफ्ट, कारखाने, रुग्णालये आणि रात्रीचे रस्ते यांचा एक धागा जोयड्याच्या रानापर्यंत येऊन पोचतो. त्याच जोयड्याच्या आतल्या वाड्यांना रस्ता, दिवा आणि दवाखाना यांसाठी वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले आहेत. आजाऱ्याला कांबळ्याची झोळी करून खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या याच तालुक्यातून येत राहिल्या आहेत.

महापालिकेच्या नकाशावर शहराची हद्द जाड रेघेने दाखवलेली असते. त्या रेघेच्या आत कर घेतला जातो, मते मागितली जातात आणि विकास आराखडा तयार होतो. पण शहराला लागणारे पाणी, वीज, वाळू, दगड, भाजी आणि काम करणारी माणसे त्या रेघेबाहेरून येतात. सांडपाणी आणि कचरा त्या रेघेबाहेर जातो. शहराची खरी हद्द त्याच्या गरजा जिथवर पोचतात तिथे संपते. या अर्थाने कितीतरी शहरांची हद्द दिग्गीला लागते. आजच्या नगररचनेची बहुतेक दुखणी नकाशावरची हद्द आणि ही खरी हद्द यांच्यातल्या अंतरातून आली आहेत, असे माझे मत आहे. ही प्रस्तावना तेवढेच एक म्हणणे मांडते.

गाव म्हणजे नियोजनाशिवाय वाढलेली वस्ती आणि शहर म्हणजे नियोजन, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. घाटमाथ्यावरची जुनी गावे नीट पाहिली तर त्यांच्यामागचा आराखडा दिसतो. झऱ्याच्या डोक्याशी देवराई. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही. तिच्याखाली पाणी जिरते, म्हणून खालच्या उतारावर भाताची खाचरे. घरे उंचवट्यावर, कारण सपाटीची ओली जमीन पिकासाठी राखायची. गुरांची वाट, पाणंद, खळे, स्मशान यांच्या जागा ठरलेल्या. हा आराखडा कुठल्या कचेरीत मंजूर झालेला नाही आणि त्यात जातीची उतरंडही गुंतलेली आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही पाण्याचा उगम मोकळा सोडायचा आणि वाहत्या पाण्याच्या वाटेत घर बांधायचे नाही, ही दोन सूत्रे त्यात पक्की आहेत. आपल्या मोठ्या शहरांनी गेल्या पन्नास वर्षांत नेमकी हीच दोन सूत्रे मोडली.

आता सुप्याकडे येऊ. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे गाव होते. तालुक्याचे ठाणे तिथेच होते आणि तालुक्याला त्याचेच नाव होते. 1987 मध्ये पूर्ण झालेल्या 101 मीटर उंचीच्या धरणामुळे हे गाव आणि आजूबाजूची कितीतरी खेडी पाण्याखाली गेली. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली. धरणाला सुपा हे नाव राहिले आणि गाव गेले. बाजारपेठेचे गाव बुडते तेव्हा घरांबरोबर उधारीची वही, आठवड्याच्या बाजाराची सवय, देवळाची जत्रा, वैद्याचा आणि शिंप्याचा पत्ता, लग्नाच्या सोयरिकी जुळवणारी ओळख, हे सगळे एकदम सुटे होते. नुकसानभरपाईच्या तक्त्यात यांतल्या कशालाच रकाना नसतो.

सुप्याच्या विस्थापितांसाठी बेळगाव-गोवा रस्त्यावर रामनगरची वसाहत उभी राहिली. नव्या गावाची आखणी कागदावर सोपी असते: सरळ रस्ते, सारखे भूखंड, शाळेसाठी एक जागा, बाजारासाठी एक. पण नदीकाठी शेती करणाऱ्या माणसाला महामार्गाच्या कडेला भूखंड मिळाला, तर त्याला राहायला जागा मिळाली इतकेच म्हणता येते. त्याचा धंदा, त्याचे पाणी, त्याची गुरे आणि रानातून येणारा त्याचा अर्धा संसार कुठे बसवायचा, हा प्रश्न त्याच्यावरच पडतो. आज रामनगर वाहनांच्या वर्दळीचे, दुकानांचे गाव आहे. एका पिढीने सोसले, तेव्हा दुसऱ्या पिढीला ते आपले वाटू लागले. नियोजनाने हे सोसणे किती कमी केले, यावर त्याची परीक्षा व्हायला हवी.

त्याच खोऱ्यातले दांडेली हे वेगळ्या वाटेने वाढलेले शहर. लाकडाचे डेपो होते, मग पन्नाशीच्या दशकात कागद गिरणी आली. रानातला बांबू, काळीचे पाणी आणि कामगारांच्या चाळी यांवर गाव वाढत गेले. 2011 च्या जनगणनेत त्याची वस्ती पन्नास हजारांच्या पुढे होती. पण बांबू संपत चालला. सत्तरीच्या दशकात बुरुडांनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्याकडे त्याचा अभ्यास आला. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जे जाळे असते ते साफ केले की बांबू चांगला वाढेल, असे कागदावरचे शहाणपण होते. गावकऱ्यांचे म्हणणे उलटे होते. ते काटे कोवळ्या कोंबांना गुरांपासून आणि साळिंदरांपासून राखतात, असे ते सांगत होते. अभ्यासाने गावकऱ्यांना दुजोरा दिला. या एका गोष्टीत नगररचनेचा मोठा धडा आहे. जागेची जाण त्या जागेवर राहणाऱ्याकडे असते. ती विचारून घेतली नाही तर कारखान्याचा कच्चा मालही टिकत नाही आणि बुरुडाची टोपलीही.

आपल्याकडे आधुनिक नगररचना आली ती रोगाच्या भीतीने. 1896 साली मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, गिरण्या आणि गोदी ओस पडू लागली. 1898 मध्ये मुंबईत सुधार मंडळ स्थापन झाले. सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट या नावाने ते ओळखले जाई. त्याने दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड यांसारखे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीच्या झाडांखालून आजही सुखाने चालता येते, ते त्या आखणीमुळे. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या त्या मजुरांना त्या वसाहतींत घर परवडणारे नव्हते. ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहिले. दाटी मोडून काढायला निघालेल्या योजनेने दाटी पुढच्या गल्लीत ढकलली. आजच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या वादांत हाच जुना पेच दिसतो. हवा, उजेड आणि रुंद रस्ता यांचे मोल कोणी चुकवायचे?

1915 साली मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा केला. देशातला या विषयावरचा तो पहिला कायदा, आणि सुपा ज्यात येते तो उत्तर कानडा जिल्हाही तेव्हा त्याच इलाख्यात होता. या कायद्यातली नगररचना योजना आजही अभ्यासण्यासारखी आहे. वाकड्यातिकड्या शेतजमिनी एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते, बागा, शाळा यांसाठी जागा काढायची आणि प्रत्येक मालकाला त्याच्या जमिनीच्या प्रमाणात नीट आकाराचा अंतिम भूखंड परत द्यायचा. मालक जागेवरच राहतो, थोडी जमीन देतो, उरलेल्या जमिनीची किंमत वाढते आणि त्या वाढीतला वाटा सुविधांसाठी घेतला जातो. पुढे गुजरातने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. महाराष्ट्राने 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ती ठेवली, पण भर विकास आराखड्यातल्या आरक्षणांवर राहिला. बागेसाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी नकाशावर हिरवे-निळे रंग भरायचे आणि जमीन विकत घेण्याइतका पैसा पालिकेकडे नसायचा. अनेक शहरांत मुलांची पिढी मोठी झाली, तरी त्यांच्या खेळाचे मैदान नकाशाबाहेर आले नाही.

1915 च्या कायद्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत एक असा माणूस शिकवत होता, ज्याला दिग्गी चटकन समजली असती. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत 1914 मध्ये भारतात आले, अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू केला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. गेडिस शहराचा विचार नदीच्या खोऱ्यापासून करत. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत खोऱ्याचा छेद काढायचा. वर लाकूडतोड्या आणि शिकारी, खाली मेंढपाळ, मग शेतकरी, मग माळी आणि टोकाला कोळी. या सगळ्यांच्या कामांतून मिळून शहर घडते, असे ते म्हणत. दुसरा त्यांचा आग्रह असा की जुनी वस्ती सरसकट पाडू नये. जिथे खरोखर गुदमरते तिथेच थोडे मोकळे करावे. त्यांचा खोऱ्याचा छेद काळी नदीवर ठेवून पाहा: दिग्गीचा कुणबी, दांडेलीचा गिरणी कामगार, कद्र्याचा शेतकरी, कारवारचा मच्छीमार. एकाने पाणी अडवले की ते दुसऱ्याला लागते. 2019 आणि 2021 च्या पावसाळ्यात कद्रा धरणातून सोडलेल्या पाण्याने खालची गावे बुडाली, तेव्हा हा छेद लोकांच्या घरात शिरला.

मराठी वाचकाला सुप्याची कथा परकी वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून मुळशीचे खोरे बुडाले. 1921 मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळे ‘जान किंवा जमीन’ म्हणत धरणाच्या कामावर बसले. सत्याग्रह 1924 पर्यंत चालला, माणसे तुरुंगात गेली आणि धरण झाले. धरणविरोधी चळवळींच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते, पण मुंबईच्या नगररचनेच्या इतिहासात मुळशीला एक ओळही क्वचितच मिळते. पाण्याचेही तसेच. 1860 मध्ये विहारचे पाणी मुंबईला आले, तेव्हा तलाव शहरापासून फार लांब नव्हता. मग तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा असे करत शहर पाण्यासाठी उत्तरेला सरकत गेले. आज मुंबईला दिवसाला सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळते. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. बेंगळुरू कावेरीचे पाणी जवळजवळ शंभर किलोमीटरवरून उपसून आणते. शहर जितके मोठे, तितका त्याचा नळ लांब, आणि नळाच्या दुसऱ्या टोकाची माणसे त्याला तितकीच अनोळखी.

हे अपरिहार्यच आहे का? नवी मुंबईचा अनुभव अर्धे उत्तर देतो. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली. 1970 मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि 344 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात 95 गावे आली. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी हे नियोजन होते, आणि आखणीच्या दृष्टीने ते देशातल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होते. पण आगरी-कोळी शेतकऱ्यांना जमिनीचा मोबदला अगदी कमी मिळत होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले: ज्याची जमीन घेतली, त्याला शहराच्या वाढत्या किमतीत वाटा. आपल्याकडे नगररचनेच्या बऱ्याच न्याय्य कल्पना कचेरीत जन्मल्या नाहीत, त्या रस्त्यावर मिळवाव्या लागल्या. त्या आधीच आराखड्यात आल्या असत्या, तर पाच घरे उजाड झाली नसती.

आजचे सगळ्यात कठीण काम शहराच्या कडेला आहे. पुण्यात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली आणि क्षेत्र सुमारे 516 चौरस किलोमीटरवर गेले. समावेशाचा निर्णय एका दिवसात होतो, जलवाहिनी आणि मैलावाहिनी पोचायला वर्षे जातात. मधल्या काळात टॉवर उभे राहतात आणि टँकर धावतात. ज्याला मंजूर इमारतीत घर परवडत नाही तो एक-दोन गुंठे घेऊन बांधतो. गुंठेवारी नियमित करण्यासाठी राज्याला 2001 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. याकडे फक्त बेकायदा बांधकाम म्हणून पाहिले तर खरा प्रश्न निसटतो. शहराला हमाल, मोलकरीण, सुरक्षारक्षक, रिक्षावाला हवा असतो, पण त्यांच्या पगारात बसेल असे घर आराखड्यात कुठेच दाखवलेले नसते. मग ती माणसे स्वतःचा आराखडा स्वतः काढतात, नाल्याच्या काठावर, डोंगराच्या उतारावर, रेल्वेच्या कडेला.

आणि तिथेच पाणी येते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आहे, हे मुंबईला त्या दिवशी नव्याने कळले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि वीसहून जास्त माणसे गेली. ओढा तिथे आधीपासून होता. त्याच्यावर स्लॅब टाकला होता, त्याचे पात्र वळवले होते, त्याच्या पूरमैदानात भिंती उभ्या होत्या. पाटबंधारे खाते नदीकाठी पूररेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्याची लाल. पण लहान ओढ्यांच्या कडेने अशा रेषा सहसा नसतात आणि माणसे ओढ्यांच्या कडेनेही मरतात. झऱ्याच्या डोक्याशी देवराई राखणाऱ्या गावाकडून शहराने हा एक नियम घेतला असता तरी पुष्कळ झाले असते.

शहरांची चर्चा मुंबई-पुण्यापाशी थांबू नये, यासाठीही दिग्गीची आठवण हवी. एखाद्या गावाची वस्ती 5,000 च्या वर गेली, दर चौरस किलोमीटरला 400 माणसे झाली आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेर गेले, की जनगणना त्याला शहर मानते. अशी गावे देशात 2001 मध्ये 1,362 होती, 2011 मध्ये 3,894 झाली. जनगणनेत ती शहरे, कारभारात अजून ग्रामपंचायती. त्यांच्याकडे नगररचनाकार नसतो, मैलापाण्याची योजना नसते, बांधकाम परवान्याचा नियम नावापुरता असतो. काळीच्या खोऱ्यातही ही चाहूल दिसते. गणेशगुडीला धरणातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालते, त्याभोवती रिसॉर्ट आणि होमस्टे वाढले आहेत. शहराने नेलेल्या नदीवर शहरातलीच माणसे सुट्टी घालवायला येतात. रोजगार येतो ही चांगली गोष्ट आहे, पण त्या हॉटेलांचे सांडपाणी कुठे जाते आणि कचरा कोण उचलतो, हे आजच ठरवले नाही तर उद्या ठरवायला नदी उरणार नाही. गाव मोठे झाल्यावर रस्ते-गटारे दुरुस्त करण्यापेक्षा गाव लहान असतानाच ती आखणे कितीतरी स्वस्त असते.

दिग्गीसारख्या गावांतली तरुण मुले कामाला गोव्यात, बेळगावात, पुण्यात जातात. जोयड्याचे बरेचसे रान काळी व्याघ्र प्रकल्पात किंवा त्याच्या आसपास येते. प्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला केंद्राच्या योजनेत आधी 10 लाख आणि 2021 पासून 15 लाख रुपये ठरले आहेत. ही कुटुंबे रामनगर, हल्याळ, दांडेली अशा गावांच्या कडेला येऊन टेकणार. वाघासाठी रान मोकळे करण्याचा हिशेब मांडणाऱ्याने, रानातून निघालेला माणूस ज्या गावात उतरतो त्या गावाचा हिशेबही मांडायला हवा. तिथे त्याला घर कुठे, पाणी किती, मुलांना शाळा कोणत्या भाषेची? कंदमुळे ओळखण्याचे आणि पिकवण्याचे ज्ञान घेऊन आलेल्या बाईला शहराच्या बाजारात बसायला जागा कोण देणार? जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो, तेव्हा या ज्ञानाचे मोल साऱ्यांना दिसते. ते एका दिवसापुरते राहू नये.

यावरचा उपाय कायद्यात अजिबात नाही असे नाही. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणली. पंचायती आणि नगरपालिका यांचे सामाईक प्रश्न, जागेचे नियोजन, पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पर्यावरणाचे रक्षण या सगळ्यांचा एकत्र विचार तिने करावा, असे घटनेच्या कलम 243 झेडडीत लिहिले आहे. गाव आणि शहर एकाच टेबलाशी बसवण्याची सोय घटनेने करून ठेवली आहे. प्रत्यक्षात या समित्या बहुतेक ठिकाणी निधीवाटपाच्या बैठका झाल्या आहेत. शिवाय नदी जिल्ह्याची सीमा पाळत नाही आणि वीज राज्याचीही पाळत नाही. दुसरीकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या ग्रामसभेला आपल्या रानाविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. शहराच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, त्या शहरातल्या नागरिकांकडून. ज्या ग्रामसभेच्या पाण्यावर तो आराखडा उभा आहे, तिच्याकडून कोणी मागवत नाही.

ते बदलता येईल. प्रत्येक शहराच्या आराखड्यात एक प्रकरण असावे: आपले पाणी, वीज, वाळू आणि दगड कुठून येतात, किती येतात, आणि ज्या गावांतून येतात त्यांना त्या बदल्यात काय मिळते. पाणीपट्टीतला एक ठरावीक भाग उगमाकडच्या गावांच्या पाण्यासाठी, शाळेसाठी आणि देवराई राखण्यासाठी जावा. नव्या धरणाआधी जुन्या नळांतली गळती मोजावी. नवी वसाहत आखण्याआधी जुन्या वस्तीतल्या लोकांना विचारावे. यांतली एकही गोष्ट महाग नाही. त्यासाठी शहराने स्वतःकडे बघण्याची जागा बदलावी लागेल.

शहराविषयी मला आकस नाही. जातीने नेमून दिलेले काम सोडण्याची, मुलीला एकटीने शिकण्याची, अनोळखी माणसाशेजारी बसून जगण्याची मोकळीक शहरानेच दिली, आणि रानातल्या मुलांना तिकडे जावेसे वाटते ते उगाच नाही. म्हणूनच शहर चांगले व्हायला हवे, आणि त्याचे ओझे एकाच खोऱ्यावर पडायला नको. रस्ते, घरे, वाहतूक, कचरा आणि कारभार यांविषयी पुढे वाचताना वाचकाने प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न सोबत ठेवावा: हे कोणाच्या अंगणातून आले? माझी इच्छा एवढीच आहे की यापुढे शहराच्या आराखड्याचे पहिले पान त्याच्या नदीचे असावे, उगमापासून मुखापर्यंत, वाटेतल्या सगळ्या गावांच्या नावांसह, बुडालेल्या गावांच्याही. काळीच्या खोऱ्यावर जगणाऱ्या शहरांनी तसे पान काढले, तर सुपा त्यावर पुन्हा दिसेल, आणि सगळ्यात वरचे नाव दिग्गीचे असेल.